टेहळणीच्या मनोऱ्यावर एक दिवस

(द्वितीय वर्ष, कला)

वणवा हा शब्द आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना बहुधा कवितेत भेटतो. विरहाचा वणवा, क्रांतीचा वणवा, पोटातील भुकेचा वणवा अशी त्याची नाना रूपे आपण वाचतो आणि परीक्षेत त्यावर रसग्रहणही लिहितो. माझ्या घरी मात्र हा शब्द पंचांगातील सणासारखा ठराविक तारखांना येतो. १५ फेब्रुवारीला तो सुरू होतो आणि १५ जूनला संपतो. वनखात्याच्या हिशेबी महाराष्ट्रात हा आगीचा हंगाम होय. या चार महिन्यांपुरते माझे वडील वनखात्याचे हंगामी मजूर असतात. जंगलातील आगीवर नजर ठेवणाऱ्या व ती विझविणाऱ्या अशा मजुरांना आमच्याकडे ‘अंगारी’ म्हणतात. उरलेले आठ महिने ते शेतमजुरी करतात.

गेल्या दोन वर्षांत महाविद्यालयात अनेकांनी मला विचारले, “तुझे वडील काय करतात?” मी “वनखात्यात आहेत” एवढे सांगून मोकळा होत असे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खाकी गणवेश उभा राहत असे, आणि मीही तो उभा राहू देत असे. प्रस्तुत लेख हा एका अर्थी त्या अर्धवट उत्तराची भरपाई आहे.

यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी गावी गेलो होतो. बाबांची पाळी डोंगरावरील टेहळणीच्या मनोऱ्यावर होती. तेथे दोन माणसे आठवडाभर राहतात व मग दुसरी जोडी वर जाते. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिल्या होत्या. त्या आणि थोडे पीठ-मीठ पोहोचविण्याचे काम माझ्याकडे आले. वनरक्षकांची परवानगी घेऊन रविवारी पहाटे मी निघालो. लहानपणापासून हा मनोरा मी गावातून रोज पाहिला होता. परंतु मनोऱ्यावरून गाव कसे दिसते, हे एकोणीस वर्षांत कधी पाहिले नव्हते.

आमचे गाव मेळघाटच्या पायथ्याशी आहे. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याची जी गाविलगड रांग आहे, तिचा हा मुलूख. चिखलदरा आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीला पाहिले असेल. त्याच्याजवळील वैराट हे या रांगेतील सर्वांत उंच शिखर, १,१७८ मीटर. सिपना, खापरा, खंडू, डोलार, गाडगा या नद्या याच डोंगरांतून निघून तापीला मिळतात. १९७४ साली येथे महाराष्ट्रातील पहिला व्याघ्रप्रकल्प झाला. आमचा मनोरा प्रकल्पाच्या बाहेरील राखीव वनात आहे. पण झाडे तीच, उतार तेच आणि आगही तीच. आगीला प्रकल्पाची हद्द समजत नाही.

मला पहाटे चारलाच निघावयाचे होते, म्हणजे चढण सावलीत झाली असती. आजीने हटकले. “उजाडू दे. आता मोहावर अस्वल असते,” ती म्हणाली. मोहाची फुले रात्रभर गळतात आणि अस्वलांना ती फार आवडतात. पहाटेच्या अंधारात फुले वेचावयास गेलेल्या माणसांवर अस्वलाने हल्ला केल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. म्हणून साडेपाचला निघालो. गावाच्या शिवेवर आजीची पाच मोहाची झाडे आहेत, तेथवर ती टोपली घेऊन बरोबर आली.

या झाडांविषयी येथेच थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढील सारी हकीकत त्यांच्याशी जोडलेली आहे. मोहाची पाने फुलोऱ्याच्या आधी गळतात. मग मार्च-एप्रिलमध्ये फिकट पिवळसर, मांसल, रसाने भरलेली फुले पहाटेपासून टपटप पडू लागतात. ती वाळवून विकतात. शेतात काही काम नसते अशा दिवसांत ही फुले म्हणजे आमच्या भागातील घराघरांचे रोख उत्पन्न असते. पण झाडाखाली वाळलेल्या पानांचा थर असला, तर त्याच रंगाची फुले त्यात दिसत नाहीत. म्हणून हंगामाच्या सुरुवातीस झाडाखालचा पाला पेटवून देण्याची रीत आहे. जमीन काळी होते आणि काळ्या जमिनीवर पिवळी फुले उठून दिसतात. एक काडी आणि अर्धा तास, एवढ्यात महिनाभराची सोय होते. आमच्या जंगलातील वणव्यांचे हे एक मोठे कारण आहे. याखेरीज तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून, गुरांसाठी नवे गवत उगवावे म्हणून, किंवा विडीचे थोटूक न विझविता टाकल्यामुळेही आगी लागतात. पाश्चात्त्य देशांत कोरड्या विजा पडून पुष्कळ वणवे लागतात. आपल्याकडे वीज येते ती बहुधा पावसाला घेऊन, त्यामुळे तिचा दोष थोडा. आपले बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात.

आजीला झाडाखाली सोडून मी पुढे झालो. पहिला तासभर वाट ओढ्याच्या कडेने जाते. कुसुमाच्या झाडांना नवी तांबडी पालवी आली होती, ती उन्हात निखाऱ्यासारखी दिसत होती. बाकी सारे रान उघडे होते. साग, ऐन, धावडा, सालई यांपैकी कोणाच्या अंगावर सावलीपुरते पान नव्हते. सगळी पाने पायाखाली आली होती. सागाचे वाळलेले पान सुपाएवढे असते आणि पापडासारखे मोडते. पाऊल टाकले की असा आवाज होई, की आपल्यामागून कोणी येत आहे असे वाटे.

आग कशी चालते हे समजून घ्यावयाचे तर हा पाला पाहिला पाहिजे. वणवा म्हटला की झाडांच्या शेंड्यांवर उसळणाऱ्या ज्वाळा आपल्या डोळ्यांपुढे येतात. तसा वणवा देवदार-चीड यांच्या, राळ असलेल्या वृक्षांच्या जंगलात होतो. आमच्याकडील आग जमिनीवरून चालते. गुडघाभर, कधी कमरेएवढी ज्वाळा पाल्यावरून आणि वाळल्या गवतावरून सरकत जाते. मोठी झाडे बहुधा वाचतात, परंतु रोपे, जमिनीवरची अंडी, पिल्ले आणि पाला कुजून होणारे खत हे सारे जाते. शिवाय आग उतारावरून खाली येते त्यापेक्षा चढावर फार वेगाने जाते. ज्वाळा वर झुकते आणि वरचा पाला आधीच तापवून वाळवून ठेवते. म्हणून अंगाऱ्यांचा पहिला नियम असा, की आगीच्या वरच्या बाजूस कधी उभे राहू नये. माणूस जितक्या वेगाने चढ चढतो, त्याहून आग अधिक वेगाने चढते. ज्या चढावर मी दर शंभर पावलांवर थांबून धापा टाकीत होतो, त्याच चढावर हे मला आठवत होते.

अर्ध्या वाटेवर एक रुंद, उघडा पट्टा आडवा आला. जणू डोंगराचा भांग पाडला आहे! ही जाळरेषा. हिवाळ्यात या पट्ट्यातील गवत व झुडपे कापतात, ती वाळू देतात आणि आगीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी माणसे उभी करून ती जाळून टाकतात. पुढे वणवा येथवर आला की त्याला खावयास काही उरत नाही. जंगलाचे जे लहानमोठे भाग नकाशावर पाडलेले असतात, त्यांना कक्ष म्हणतात व प्रत्येकाला क्रमांक असतो. जाळरेषा पुष्कळदा या हद्दींवरून जातात. मात्र जोराचा वारा असला, तर पेटलेले पान उडून ही रेषा सहज ओलांडते. तेथे माणूस लागतो.

भारतात जंगलाला आगीपासून वाचविण्याची पद्धतशीर खटपट प्रथम १८६४ साली आपल्या शेजारच्या मध्य प्रांतात, सातपुड्यातीलच बोरीच्या जंगलात, कर्नल पिअर्सन या अधिकाऱ्याने केली. पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरविला, आणि ज्यांना जंगलात हक्क आहेत अशा गावकऱ्यांवर आग विझविण्यास मदत करण्याचे बंधनही घातले. म्हणजे कायद्याच्या एकाच पुस्तकात आमच्या गावाचा उल्लेख दोनदा येतो, एकदा आरोपी म्हणून आणि एकदा मदतनीस म्हणून.

साडेनऊच्या सुमारास माथा आला. मनोरा म्हणजे चार लोखंडी पायांवर उभी केलेली एक चौकोनी माळ आहे. वर पत्र्याचे छप्पर, चारी बाजूंस कमरेएवढा कठडा. खाली दगडांची चूल, दोन घडीच्या खाटा, पाण्याचे कॅन. पाणी दोन किलोमीटर खालच्या झऱ्यावरून खांद्यावर आणावे लागते. बाबांचे जोडीदार एक कोरकू गृहस्थ आहेत, वयाने बाबांपेक्षा मोठे, सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांनी मला पाण्याचा गडू दिला. बाबांनी आधी गोळ्या घेतल्या, मग माझ्याकडे पाहिले, आणि लगेच पुन्हा जंगलाकडे. बोलतानाही त्यांची नजर दरीवरून हलत नाही, हे मी घरी कधी पाहिले नव्हते.

मनोऱ्यावरचे काम म्हणजे बसून राहणे, असे गावात पुष्कळांना वाटते. मलाही तसेच वाटत होते. बाबांनी मला अर्धा तास उभे केले आणि विचारले, “काय दिसून रायलं?” मला सर्वत्र धूसर तपकिरी रंग दिसत होता. ते म्हणाले, “डोळे फाडून पाहाचं नसते. आस्ते आस्ते नजर फिरवाची. डाव्या हातून उजव्या हाताकडे, मंग खालून वर. रोजच्यासारखं नाही ते दिसते.” धूर आणि धूळ यांतील फरक त्यांनी मला दाखविला. धूळ गाडीबरोबर पुढे सरकते आणि विरते. धुराचा बुडखा एका जागी राहतो आणि तो खालून पुन्हा पुन्हा भरत असतो. ओला पाला जळाला तर धूर पांढरा आणि जड, वाळले गवत जळाले तर पातळ व निळसर. सकाळी चुलींचे धूर एकाच वेळी उठतात व एकाच वेळी बसतात, त्यामुळे ते मोजावयाचे नाहीत. खरी जागरूकता दुपारी एक ते चार या वेळात हवी. तेव्हा हवा सर्वांत कोरडी, पाला सर्वांत तापलेला आणि वारा मोकळा असतो. दुर्दैवाने त्याच वेळी उन्हाच्या लहरींनी दूरचे नीट दिसत नाही, आणि जेवण झालेले असल्यामुळे डोळाही लागतो. दादा त्या वेळी मुद्दाम उभे राहतात.

कठड्याच्या लाकडी फळीवर चारी बाजूंस खिळ्याने ओढलेल्या बारीक रेघा होत्या. प्रत्येक रेघेपाशी काही अक्षरे: एका नाल्याचे नाव, एका गावाचे नाव, ‘दोन पळस’, ‘म्हसोबा’. मी विचारले तेव्हा बाबा किंचित संकोचले. मनोऱ्याच्या मधोमध जमिनीवर एक खूण आहे. त्या खुणेवर उभे राहून पाहिले की धूर ज्या रेघेच्या वर दिसेल, त्या दिशेस आग. ही युक्ती त्यांची आणि दादांची. पाच वर्षांपूर्वी त्यांनी ती केली. रात्री आगीची दिशा ध्यानात राहत नसे, म्हणून.

परत आल्यावर मी हे आमच्या भूगोलाच्या सरांना सांगितले. त्यांनी जे दाखविले, ते वाचून मी थक्क झालो. अमेरिकेच्या वनसेवेतील विल्यम ऑसबॉर्न यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टेहळणीच्या मनोऱ्यांसाठी एक यंत्र बनविले. मधोमध नकाशाची चकती, भोवती अंश कोरलेले धातूचे कडे, आणि त्यावर फिरणाऱ्या दोन समोरासमोरच्या फटी. धूर त्या फटींतून पहावयाचा आणि कड्यावरचे अंश वाचावयाचे. ही झाली धुराची दिशा. यंत्राचे तत्त्व बाबांच्या फळीहून वेगळे नाही. अमेरिकेतील हे मनोरे एका आपत्तीनंतर झपाट्याने वाढले. १९१० सालच्या २० व २१ ऑगस्टला आयडाहो आणि मोंटाना या प्रांतांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले आणि किमान ८५ माणसे दगावली. त्यांत बहुतेक आग विझविणारेच होते. पुढे शेकडो शिखरांवर टेहळे बसू लागले. १९१३ साली हॅली डॅगेट ही स्त्री कॅलिफोर्नियातील एका मनोऱ्यावर नेमली गेली. अमेरिकेच्या वनसेवेची ती पहिली स्त्री टेहळी. एकटी बाई डोंगरावर टिकणार नाही अशी शंका घेतली गेली, पण पुढे चौदा-पंधरा उन्हाळे ती तेथेच होती. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना माहीत असलेले जॅक केरुअॅक हेही १९५६ च्या उन्हाळ्यात असेच एका शिखरावर टेहळे होते. आमच्या दादांनी यांपैकी कोणाचे नाव ऐकलेले नाही. परंतु धुराकडे कसे पहावे याविषयी या मंडळींचे फारसे मतभेद झाले नसते.

दिशा कळली तरी अंतर कळत नाही, ही एका मनोऱ्याची मर्यादा. एकाच रेघेवर आग तीन किलोमीटरवर असू शकते आणि तेराही. म्हणून समोरच्या रांगेवर दुसरा मनोरा असतो. त्याने आपल्या बाजूने दिशा सांगितली की नकाशावर दोन रेघा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे आग. शालेय भूमितीतील त्रिकोण, दुसरे काही नाही. आजकाल उपग्रहही हे काम करतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने वणव्यांच्या सूचना देत आहे, व त्या वनरक्षकांच्या मोबाइलवर येतात. सुरुवातीच्या उपग्रहांना जमिनीचा एक किलोमीटरचा चौकोन एका ठिपक्यात दिसे. आताच्या अधिक सूक्ष्म उपकरणांना ३७५ मीटरचा दिसतो. तथापि उपग्रह दिवसातून काही ठरलेल्या वेळीच वरून जातो, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये पेटलेली आग त्याला उशिरा कळते. आमच्या दऱ्यांत मोबाइलला रेडिओलहरी मिळत नाहीत तो भाग वेगळाच. वायरलेसवर बोलणारा माणूस म्हणूनच अजून मनोऱ्यावर आहे.

हे सर्व प्रत्यक्ष पाहण्याची वेळ त्याच दिवशी आली. दीडच्या सुमारास आम्ही भाकर व ठेचा खाऊन बसलो होतो. दादा उभे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त बोट उचलले. बाबा उठून खुणेवर उभे राहिले. आमच्या गावाच्या उजव्या अंगास, शिवेपलीकडे, एक पांढरा धागा उभा होता. मला तो दिसावयास पूर्ण मिनिट लागले. बाबांनी वायरलेसवर रेघ सांगितली, समोरच्या मनोऱ्याने आपली सांगितली, आणि खाली कार्यालयात कोणीतरी कक्ष क्रमांक उच्चारला. पाच-सहा मिनिटांत सर्व आटोपले. पुढे दोन तास आम्ही फक्त पाहत होतो. धागा दोरीएवढा झाला, मग पदराएवढा. मग त्याच्या कडेने दुसरा, बारीक धूर उठला, तेव्हा बाबा म्हणाले, “पोचले. समोरून लावली.” येणाऱ्या आगीच्या पुढचा पाला आपणच ताबा ठेवून जाळावयाचा, म्हणजे दोन्ही आगी भेटतात आणि उपाशी मरतात. बाकीचे काम ओल्या डहाळ्यांनी झोडपून आणि पाला उडविणाऱ्या यंत्राने रेघ मोकळी करून होते. साडेतीनला धूर विरळ झाला. वायरलेसवर कळले की एका मोहाच्या झाडाखालून आग निघाली होती. कोणाचे झाड, ते बाबांना जागेवरूनच समजले होते. दादांनी विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “नाव कोनाचं घेता? आपल्याच घरचं समजा.”

हे काम सुरक्षित नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्यात वणवा विझविताना तीन हंगामी मजूर मृत्युमुखी पडले. ती बातमी आमच्या घरी पोहोचली तेव्हा बाबा डोंगरावरच होते. ते घरी येईपर्यंत आईने चूल पेटविली नव्हती. तिचा पेटविण्यावरचाच विश्वास उडाला होता.

बाबांचे ते वाक्य ऐकल्यावर मला बोलणे भाग होते. मी सहावीत, अकरा वर्षांचा असताना आजी तापाने पडली होती, आणि झाडांखालचा पाला जाळण्यासाठी तिने मला एकट्याला पाठविले होते. आग पूर्ण बसेपर्यंत जागचे हलू नको, असे तिने बजावले होते. तिसऱ्या झाडाखाली आग जवळजवळ विझली तेव्हा मुले विटीदांडू खेळावयास हाका मारू लागली आणि मी निघालो. दुपारी डोंगर धुरला. ती आग दोन दिवस चालली. बाबांचा अंगारी म्हणून तो दुसराच हंगाम होता. तिसऱ्या दिवशी ते घरी आले तेव्हा त्यांच्या भुवया जळालेल्या होत्या आणि चपलेचा तळ वितळून पावलाला फोड आले होते. मी त्यांच्या पायांवर पाणी ओतले आणि गप्प राहिलो. आठ वर्षे गप्प राहिलो.

हे सर्व मी मनोऱ्यावर सांगितले. दादा खाली पाण्याचे कॅन पाहण्यास निघून गेले. बाबा पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “वारा कोन्या अंगानं होता?” मी म्हणालो, खालून वर. ते कठड्यापाशी गेले, डोळ्यांवर हात धरून शिवेपासून माथ्यापर्यंत पाहत राहिले. “मंग ते कोरड्या नाल्यातून चढली,” ते म्हणाले. “आठ वर्सं झाले, ते आग मागून कशी आली ते मले समजत नव्हतं. आम्ही समोर पाहून रायलो होतो.” त्यांनी खिळा घेतला, फळीवर एक नवी रेघ ओढली आणि तिच्यापाशी लिहिले: ‘मोह ३’. मला ते रागावले असते तर बरे वाटले असते. त्यांनी माझ्या अपराधाची माहिती करून घेतली आणि ती कामाला लावली.

मी निघालो तेव्हा एवढेच म्हणाले, “जाता जाता आजीच्या झाडाखालचा पाला झाडून जाजो.”

उतरताना चढण्याहून कमी वेळ लागला. आजी झाडाखालीच होती. मी खराटा घेतला. एका झाडाखालचा पाला झाडून, ढीग करून, शेतात नेऊन टाकण्यास आम्हा दोघांना सव्वा तास लागला. अंधार पडेपर्यंत दोनच झाडे झाली. शिवाय वाऱ्याने आजूबाजूचा पाला पुन्हा येतो, म्हणून तीन-चार दिवसांनी तेच काम पुन्हा. आजी म्हणाली, “पाच झाडं आहेत बाबू, आणि कंबर एकच आहे.” काडी ओढणाऱ्या हाताला आपण अज्ञानी म्हणतो, परंतु तो हात हिशेब करीत असतो. झाडण्याची मजुरी कोणी देत नाही, आणि काडीची किंमत नगण्य आहे. जोवर हा हिशेब बदलत नाही, तोवर मनोरे कितीही उंच बांधले तरी धूर निघतच राहील.

झाडत असताना आणखी एक गोष्ट दिसली. आजीची पाचही झाडे तिच्या सासऱ्यांच्या काळापासूनची आहेत. त्यांच्या खाली किंवा आसपास मोहाचे एकही तरणे झाड नाही. दरवर्षी बी पडते, रुजते, आणि पुढच्या मार्चमध्ये पाल्याबरोबर जळते. ज्या फुलांसाठी आपण आग लावतो, त्या फुलांचे पुढचे झाड त्याच आगीत जाते. आजीला मी हे दाखविले. ती बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “हे तर माझ्या ध्यानातच आलं नाही. मी तर फुलंच पाहत होती.”

आग अजिबात नकोच, असेही म्हणता येत नाही. अमेरिकेने १९३५ साली असा नियम केला की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत काबूत आलीच पाहिजे. त्यामुळे जंगलांत वर्षानुवर्षे वाळला काडीकचरा साचत गेला, पुढच्या आगी अधिक भयंकर झाल्या, आणि १९७० नंतरच्या दशकात ते धोरण सोडावे लागले. आमची जाळरेषा म्हणजेसुद्धा वेळेवर, माणसे उभी करून लावलेली आगच आहे. प्रश्न राहतो तो एवढाच, की आग लावल्यावर ती विझेपर्यंत कोणी तेथे थांबणार आहे की नाही. अकरा वर्षांचा मी थांबलो नव्हतो.

काही ठिकाणी आता मोहाखाली जाळी अंथरतात. फुले जाळीवर पडतात, मग पाला जाळण्याची गरज उरत नाही आणि वाकून वेचण्याचे श्रमही वाचतात. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर हिवाळ्यात एखाद्या गावी असते. आपण रस्ते झाडतो, भिंतींवर घोषणा लिहितो. पुढील शिबिर मोहाच्या गावात घ्यावे, जाळरेषेचे गवत कापावयास चार दिवस द्यावेत, आणि जमल्यास वर्गणी काढून पाच-दहा झाडांपुरत्या जाळ्या न्याव्यात, अशी माझी प्राध्यापकांना व मित्रांना विनंती आहे. पहिली जाळी कोणाच्या झाडाखाली लावावयाची हे मी सुचविणार नाही. फक्त तिसरे झाड शेवटी ठेवू नये.

आणि यापुढे कोणी विचारले की तुझे वडील काय करतात, तर माझे उत्तर तयार आहे. ते अंगारी आहेत. चार महिने डोंगरावर उभे राहून ते गावाकडे पाहतात.